उपाध्यक्ष (मार्केटिंग), द्वितीय वर्ष वाणिज्य

जुलै सरत आला की महाविद्यालयांत दोन भरत्या चालू असतात. एक प्रवेशाची. तिच्या याद्या लागतात, आईवडील रांगेत उभे राहतात, कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीत अडकतो. दुसरी क्लबांची. ही जास्त कडक. प्रवेशाला बारावीचे गुण पुरतात. इ-सेलमध्ये, म्हणजे उद्योजकतेच्या क्लबात, शिरायचं तर आधी गूगल फॉर्म, मग गटचर्चा, मग मुलाखत. घेणारा तिसऱ्या वर्षाला, देणारा पहिल्या. घेणाऱ्याचा सूर मात्र असा, की टाटा सन्सचं अध्यक्षपद रिकामं झालंय आणि निवड समितीत हा एकटाच आहे. 'पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस?' समोरचं पोर अठराचं. 'पाच वाजता कुठे पाहतोस' असं विचारलं असतं तर 'शिवाजीनगरच्या बसस्टॉपवर' हे निदान खरं उत्तर मिळालं असतं.

निवड झाली की पद. ते मात्र सगळ्यांना. अध्यक्ष, सहअध्यक्ष, उपाध्यक्ष (मार्केटिंग), उपाध्यक्ष (पीआर), क्रिएटिव्ह हेड, टेक्निकल हेड, हॉस्पिटॅलिटी हेड म्हणजे पाहुण्यांना पाण्याची बाटली देणारा, आणि लॉजिस्टिक्स हेड म्हणजे त्या बाटल्या आणणारा. चाळीस जणांच्या क्लबात अडतीस हेड. उरलेले दोघे व्हॉलंटिअर, आणि कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या लावताना दिसतात तेही हे दोघेच. पद मिळालं त्याच संध्याकाळी लिंक्डइनवर घोषणा होते. फोटो ब्लेझरमधला. ब्लेझर मित्राचा.

हसायचं कारण नाही, असं मला एका प्राध्यापिकाबाईंनी सुनावलं. मुलांच्या अंगी नेतृत्वगुण येतात म्हणे. येत असतील. पण नेत्याला कुणीतरी निवडून द्यावं लागतं, ही जुनी अडचण या क्लबांनी फार सफाईने दूर केली आहे.

एके काळी महाविद्यालयात पदं मोजकीच. सीआर, एलआर, जीएस, यूआर, म्हणजे वर्गप्रतिनिधीपासून विद्यापीठ प्रतिनिधीपर्यंत. ती मिळवायला मतं मागावी लागत. वर्गावर्गात जाऊन भाषण ठोकायचं, ओळख नसलेल्यांनाही कटिंग पाजायचा, मुलींच्या कॉमनरूमबाहेर पत्रक देताना घाम फुटायचा. मग त्यात पैसा आला, पक्ष आले, सोडा वॉटरच्या बाटल्या आल्या. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांना कुलूप घातलं. वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी, असं ठरलं. म्हणजे ज्याला अभ्यासापायी वर्गात कुणाशी बोलायला फुरसत नाही, तोच वर्गाचा आवाज झाला. पुढे 2016 च्या कायद्यात निवडणुका परत आल्या. कागदावर. 2019 मध्ये त्या घ्यायच्या ठरल्या, तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी धाकट्यांची पुढे ढकलली. मग करोना आला. पुढचं सांगायला नको.

या मोकळ्या पटांगणात क्लब उगवले आहेत. इथे मतं मागावी लागत नाहीत. मावळता अध्यक्ष उगवता अध्यक्ष नेमतो. लोकशाहीवर वर्षाकाठी दोन वादविवाद घेणाऱ्या वादविवाद मंडळाचा सचिवही असाच नेमलेला असतो. बहुधा गेल्या सचिवाचा रूममेट.

1994 या सालाची आणखी एक गंमत आहे. त्याच वर्षी बंगळुरूत महाविद्यालयांचं मूल्यमापन करणारी 'नॅक' स्थापन झाली. एकीकडे मुलांचं मत विचारणं बंद झालं आणि दुसरीकडे महाविद्यालयांना श्रेणी देणं सुरू झालं. योगायोग म्हणा. पण आजच्या क्लबांची कुंडली मांडायची तर हे दोन ग्रह एकाच घरात आहेत.

क्लबाचं खरं गिऱ्हाईक कोण, हे ओळखायचं असेल तर कार्यक्रमात वक्त्याकडे पाहू नका. फोटो काढणाऱ्याकडे पाहा. साधा फोटो चालत नाही. त्यावर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ उमटलेली लागते. उद्योजकता दिन नक्की याच सभागृहात झाला, शेजारच्या मंगल कार्यालयात झाला नाही, याचा भौगोलिक पुरावा. पहिल्या तीन रांगा भरलेल्या हव्यात, म्हणून मागच्यांना पुढे बोलावतात. बॅनरवरचं पाहुण्याचं नाव दिसलं पाहिजे, म्हणून पाहुण्यालाच बाजूला सरकवतात. फोटो झाला की समन्वयक मॅडम घड्याळाकडे पाहून हसतात, आणि 'यशाची सात सूत्रं' सांगायला आलेला पाहुणा तिसऱ्या सूत्रावरून थेट समारोपाला पोचतो. अहवाल आदल्या दिवशीच तयार असतो. त्यात 'फलनिष्पत्ती' नावाचा रकाना, आणि रकान्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य: विद्यार्थ्यांमध्ये उद्योजकतेविषयी जाणीव निर्माण झाली. दर वर्षी नव्याने निर्माण होते, याचा अर्थ दर वर्षी ती जात असणार. कुठे जाते, याचा रकाना नाही.

2018 मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने महाविद्यालयांत 'इनोव्हेशन कौन्सिल' काढायला लावली. कार्यक्रमांचं वार्षिक वेळापत्रक आलं, अहवाल ऑनलाइन चढवायचे आले, त्यावर तारे मिळू लागले. नवनिर्मिती मंगळवारी दुपारी दोन ते चार. बुधवारी प्रात्यक्षिकं असतात.

व्यवसायाच्या क्लबांचं हे पीक पवईहून आलं. आयआयटी मुंबईच्या मुलांनी 1998 मध्ये इ-सेल काढला, 'युरेका' नावाची बिझनेस प्लॅनची स्पर्धा सुरू केली. तेव्हा स्टार्टअप हा शब्द मराठी घरात यायचा होता. इंजिनिअर मुलाने धंद्याचं नाव काढलं तर आई देव पाण्यात घालून बसायची. त्या काळात हे धाडसच. पण मूळ पिकाचं वाण चांगलं असलं म्हणून कुठल्याही खडकावर पेरावं असं नाही. आता ज्या महाविद्यालयात झेरॉक्स मशीन महिन्यातून तीन आठवडे बंद असतं, तिथेही इ-सेल आहे. मशीन दुरुस्त करून मुलांनीच चालवावं, पानामागे चार आणे सुटतात का पाहावं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या डोक्यात ते केव्हाच आलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो दर वाढवतो, 'इम्पॉर्टंट प्रश्नां'चा गठ्ठा स्पायरल करून ठेवतो आणि उधारी देत नाही. मागणी, पुरवठा, रोकड या तिन्ही विषयांवर गावात त्याच्याइतका अधिकारी माणूस नाही. पाहुणा म्हणून त्याला आजवर कुणी बोलावलेलं नाही. त्याच्याकडे ब्लेझर नाही.

क्लबात त्याऐवजी आयपीएलचा लिलाव होतो. हा कार्यक्रम इतका ठरलेला आहे की नव्या इ-सेलच्या घटनेत तो छापूनच येत असावा. प्रत्येक संघाला कागदावर शंभर कोटी. मग पोरं हातातल्या पाट्या वर करून विराट कोहलीवर बोली लावतात. खोटे पैसे, खोटी खरेदी, खरी प्रवेश फी. दुसरा ठरलेला कार्यक्रम 'मॉक स्टॉक'. पडद्यावर भाव वरखाली होतात, मधेच एखादी खोटी बातमी सोडतात, पोरं ओरडत शेअर विकतात. सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेला अभ्यास असा, की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक किरकोळ लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचे मिळून 1.8 लाख कोटींवर बुडाले. मॉक स्टॉकमध्ये असं काही होत नाही. तिथे पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ.

आणि मग 'पिच'. 2021 च्या डिसेंबरात दूरचित्रवाणीवर 'शार्क टँक'ची भारतीय आवृत्ती आली, तेव्हापासून प्रत्येक सभागृहात तीन सोफे आडवे टाकून तीन शार्क बसवतात. एक माजी विद्यार्थी, एक कोचिंग क्लासचा संचालक, तिसरे बँकेचे निवृत्त व्यवस्थापक, ज्यांनी हयातभर धंद्याची कर्जं नामंजूर केली. कल्पनाही ठरलेल्या: जुनी पुस्तकं विकायचं ॲप, पीजी शोधायचं ॲप, घरगुती डबा पोचवायचं ॲप. हे शेवटचं मुंबईत सांगायलाही छाती लागते. 1890 पासून डबेवाले तिथे सायकल, लोकल आणि डब्याच्या झाकणावरच्या खुणांवर डबे पोचवत आहेत. पण स्लाइडवर 'स्पर्धक' या मथळ्याखाली त्यांचं नाव नसतं. तिथे स्विगी असतं. 'तुमचं पहिलं गिऱ्हाईक कोण?' असं एखाद्या शार्कने चुकून विचारलं तर उत्तर येतं, 'सर, आमचं टार्गेट मार्केट चाळीस हजार कोटींचं आहे.' एक डबा विकलाय का, हे विचारायचं राहून जातं. बक्षीस जाहीर होतं 'एक लाख रुपये किमतीचं', आणि उघडून पाहिलं तर एका ऑनलाइन कोर्सची सत्तर टक्के सवलतीची पन्नास कुपनं निघतात.

एक कबूल करतो. या सगळ्या नाटकात एक प्रवेश अस्सल असतो: प्रायोजक शोधायचा. द्वितीय वर्ष वाणिज्यचे उपाध्यक्ष (मार्केटिंग) हातात रंगीत माहितीपत्रक घेऊन भर दुपारी लक्ष्मी रोडच्या एका दुकानात शिरतात. पत्रकात टायटल स्पॉन्सर, गोल्ड, सिल्व्हर असे भाव. दुकानाचे मालक गल्ल्यावर. ते पत्रक उलटं करून मागची कोरी बाजू पाहतात, कारण हिशेबाला कागद हवा असतो.

'काका, आमच्या फेस्टला पाच हजार मुलं येतात.'

'येतात की सांगता?'

'येतात काका. तुमचा लोगो मेन बॅनरवर लावू.'

'गेल्या साली पण लावला होतात. पाहायला आलो होतो मी. मुताऱ्यांकडे जायच्या बोळात लावला होतात.'

'काका, तिथे फुटफॉल सगळ्यात जास्त असतो.'

काका पहिल्यांदा हसतात. मग म्हणतात, 'बरं, असं कर बाळ. पैसे नाही देणार. कुपनं देतो, दहा टक्के सवलतीची. प्रत्येक कुपनावर तुझ्या कॉलेजचा शिक्का मार. जेवढी कुपनं माझ्याकडे परत येतील, तेवढ्या कुपनांमागे वीस रुपये घेऊन जा.' उपाध्यक्षांचा चेहरा उतरतो. त्यांना रोख पाच हजार आणि आभाराच्या स्लाइडवर एक ओळ, एवढंच माहीत असतं. इथे तर माणसं खरंच दुकानात आणावी लागणार! पण ते कुपनं घेतात. त्या दिवशी त्यांनी व्यवसाय प्रशासनाचा एक आख्खा पेपर दिलेला असतो, आणि परीक्षक चोख होता. अहवालात याची नोंद कुठे? 'प्रायोजक: इतर' या ओळीत.

दुसरी अस्सल गोष्ट क्लबाच्या बाहेरच राहते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि शिकणाऱ्या पोराने कष्ट करून आपली फी उभी करावी हा विचार रुजवला. पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. त्यातली पोरं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेत पाणी घालतात, कचेरीत टपाल नोंदवतात. तासाचे किती, महिन्याचे किती, मेसला किती, गावी किती, हा ताळेबंद त्यांच्या डोक्यात पक्का असतो. दोन हजारांत महिना काढणारं पोर खर्चाचं नियोजन शिकायला सेमिनारला कशाला जाईल? आणि गेलं असतं तरी जमलं नसतं. इ-सेलची बैठक असते संध्याकाळी पाचला, कॅफेत, आणि एका कॉफीचे होतात एकशे ऐंशी. उद्योजकता दिनाच्या दिवशी हे पोर सभागृहातच असतं म्हणा. माइकची वायर सोडवत.

आता वादविवादाकडे वळू. इथे निदान खर्च कमी.

मराठी वादविवाद स्पर्धेचा संघ दोघांचा. एक अनुकूल बाजूने, एक प्रतिकूल. दोघंही एकाच महाविद्यालयाचे, एकाच एसटीने आलेले, वाटेत एकाच प्लेटमधली मिसळ खाल्लेले. व्यासपीठावर एक म्हणतो, समाजमाध्यमांनी समाज जोडला. दुसरा म्हणतो, समाजमाध्यमांनी समाज तोडला. दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक मिळतो आणि समाज जोडलेला की तुटलेला ते न ठरता करंडक एसटीच्या रॅकवर चढतो. वाद जिंकण्याची याहून निर्धोक व्यवस्था जगात नसेल. दोन्ही बाजूंनी आपणच.

भाषणाचा साचा पिढ्यानपिढ्या झिजून गुळगुळीत झाला आहे. आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, सुजाण श्रोते. मग एक शेर. मग 'शब्दकोशात या शब्दाचा अर्थ असा'. मग शिवाजी महाराज, मग स्टीव्ह जॉब्स, मग आई. पहिली घंटा वाजली की आवाज चढतो, दुसरी वाजली की डोळे भरून येतात. सराईत स्पर्धकाचं एकच भाषण हंगामभर चालतं. नांदेडला स्त्रीभ्रूणहत्येवर जे डोळे भरले, तेच सांगलीत शेतकरी आत्महत्येवर भरतात. मी याला नुसती नावं ठेवणार नाही. स्टेजवर जाऊन न अडखळता सात मिनिटं बोलणं हे खेड्यातून आलेल्या पोरापोरींसाठी थोडं नाही, आणि बक्षिसाच्या दोन-तीन हजारांवर परीक्षेची फी भरणारे वक्ते मला ठाऊक आहेत. बिझनेस क्लबाच्या लाखाच्या कुपनांपेक्षा ही रक्कम खरी.

पण विषय? वादविवाद स्पर्धेच्या विषयाची पहिली अट अशी, की तो वादग्रस्त नसावा. विषयांची यादी प्राचार्यांकडे जाते, तिथून परत येताना निम्मी होते. आरक्षण गेलं. धर्म गेला. राजकारण गेलं. स्थानिक आमदार संस्थेच्या संचालक मंडळावर असल्यामुळे रस्ते आणि पाणीही गेलं. उरतं काय? मोबाईल शाप की वरदान. गेली वीस वर्षं अख्खा महाराष्ट्र यावर बोलतोय आणि मोबाईलला अजून कळवलेलं नाही.

इंग्रजी वादविवाद मंडळ वरच्या मजल्यावर, वातानुकूलित सेमिनार हॉलमध्ये. तिथला थाट ब्रिटिश संसदेचा. चार संघ, आठ वक्ते, प्रत्येकी सात मिनिटं, आणि विषय फक्त पंधरा मिनिटं आधी. पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, प्रतोद अशी पदं. (पदांची हौस इथेही भागते.) जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा 1981 पासून भरते, 2014 ची चेन्नईत झाली होती. या मंडळींना विषयाचं वावडं नाही. पॅलेस्टाइन, अफूचं कायदेशीरकरण, स्त्रीवादी चळवळीने भांडवलशाहीशी जुळवून घ्यावं का, काहीही द्या. बाजू चिठ्ठीने ठरते, त्यामुळे आपल्याला न पटणारं मत प्रामाणिकपणे उभं करावं लागतं. हा या खेळाचा खरोखरच मोठा गुण. घराघरांतल्या फॅमिली ग्रुपांवर तो सक्तीचा करावा असं माझं मत आहे. घोटाळा वेगात आहे. सात मिनिटांत जितके मुद्दे बसतील तितके गुण, म्हणून वक्ता श्वास न घेता बोलतो. तो पॅलेस्टाइनवर बोलतोय की पिझ्झाची ऑर्डर देतोय, हे समोरच्या तीन परीक्षकांखेरीज कुणाला कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नसते. समोर दुसरं कुणी बसलेलंच नसतं.

मराठी असो की इंग्रजी, गोम ही इथे आहे. पटवायचं कुणाला? परीक्षकाला. त्याच्याकडे तक्ता: आशय, मांडणी, भाषा, खंडन, एकूण परिणाम. श्रोत्यांचं मत बदललं का, हा रकाना त्या तक्त्यात नाही. श्रोते म्हणजे एनएसएसची मुलं. टाळ्यांसाठी बोलावलेली. बिझनेस क्लबाला गिऱ्हाईक लागत नाही आणि वादविवाद मंडळाला श्रोता. दोन्हीकडे परीक्षक मात्र अगत्याने लागतो, चहा-नाश्त्यासह.

आपल्याकडे हे पहिल्यापासून असंच होतं असं समजू नका. मुंबई विद्यापीठ 1857 चं. त्याच्या नऊ वर्षं आधी, 1848 मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. विद्यापीठाला अजून पत्ता नाही आणि विद्यार्थ्यांचा क्लब तयार. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, असा साधा बेत. मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा तिच्याच शाखा. मराठीचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. स्त्रीशिक्षणावर तिथेही भाषणं झालीच. पण त्या पोरांना 'फलनिष्पत्ती'चा रकाना ठाऊक नसल्यामुळे मोठी पंचाईत झाली. बोललो ते खरं असेल तर करावं लागेल, अशी त्यांची समजूत झाली. 1849 मध्ये त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सभासदच फावल्या वेळात, बिनपगारी, शिकवायला जाऊ लागले. नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. गावात शिव्या बसल्या त्या वेगळ्या. पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तर 1848 मध्येच शाळा सुरू केली होती. त्यांच्या मागे कुठला क्लबही नव्हता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला शिव्यांसोबत शेणही आलं.

या सोसायटीतला एक तरुण दादाभाई नवरोजी. मुलींच्या शाळांसाठी पारशी घरांचे उंबरे झिजवणारा, एल्फिन्स्टनमध्येच गणिताचा प्राध्यापक झालेला. 1855 मध्ये तो कामा कंपनीचा भागीदार म्हणून लंडनला गेला. विलायतेत हिंदी माणसांनी उघडलेली ही पहिली पेढी मानतात. अफूच्या व्यवहारावरून बिनसलं, नीतीला पटेना, तेव्हा बाहेर पडला आणि 1859 मध्ये कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. 1866 मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन उभी केली. तिथे समोर कोण बसत? हिंदुस्थानात अंमलदारी करून पेन्शनीवर आलेले साहेब. म्हणजे ज्यांनी लूट केली त्यांनाच लुटीचा हिशेब सांगायचा, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच आकड्यांनी. व्यापारी असल्यामुळे दादाभाईंना जमाखर्च कळत होता आणि वादपटू असल्यामुळे तो मांडता येत होता. बिझनेस क्लब आणि डिबेट क्लब एकाच माणसात भरले की असं होतं. आज मात्र ते जमणं कठीण. दोन्ही क्लबांच्या बैठका बुधवारी पाचलाच असतात.

विलायतेतल्या वादसभांचं कौतुक आपल्याला फार. ऑक्सफर्ड युनियन 1823 ची. शशी थरूर 2015 मध्ये तिथे ब्रिटनने वसाहतींना भरपाई द्यावी या बाजूने बोलले आणि ते भाषण आपल्या प्रत्येक काकाने प्रत्येक पुतण्याला पाठवलं. 1934 मध्ये तिचा अध्यक्ष झालेला पहिला भारतीय मुंबईचा, डी. एफ. कराका, पुढे मुंबईतच त्याने 'करंट' साप्ताहिक चालवलं. ती सभा म्हणजे काही देवळातली आरती नव्हे. तिथेही लटपटी आहेत, गटबाजी आहे, पुढच्या पंतप्रधानकीची रंगीत तालीम आहे, आणि बायकांना 1963 पर्यंत सभासदत्व नव्हतं. पण अध्यक्षाला मतं मिळवावी लागतात आणि ठरावावर सभागृह मत देतं. 9 फेब्रुवारी 1933 ला तिथल्या पोरांनी ठराव केला, की हे सदन कुठल्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही. 275 विरुद्ध 153. वर्तमानपत्रं खवळली, चर्चिल खवळले. कल्पना करा, आपल्या एखाद्या महाविद्यालयातल्या ठरावावर कुणी खवळलंय! आपल्याकडे ठरावावर मतदानच होत नाही, त्यामुळे खवळायला जागा उरत नाही.

ऑक्सफर्डला मत देण्याची रीत मोठी सोपी आहे. वाद संपला की उठायचं आणि बाहेर पडायचं. दाराच्या उजव्या बाजूने गेलात तर होकार, डाव्या बाजूने गेलात तर नकार. चिठ्ठी नाही, ॲप नाही, परीक्षक नाही. पायांनी मत द्यायचं आणि कुणीतरी मोजायचं.

हे इथेही करून पाहावं असं मी एका महाविद्यालयात सुचवलं. दार तर त्यांच्याकडेही आहे, चांगलं सागवानी, दोन फळ्यांचं. पण त्यातली एक फळी कायम वरखाली कडी लावून बंद असते. उघडी असते तिला खेटून टेबल मांडलेलं, टेबलावर हजेरीपत्रक, त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन. दोन्ही फळ्या उघडल्या तर निम्मी मुलं सही न करता निघून जातील, असं समन्वयक मॅडमचं म्हणणं पडलं.